पागारेंची फुंकर

अन्याय दगडू पागारे यांच्यावर झाला. १९८४ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर घड्याळ आहे, म्हणून वेळ इतकी नेमकी सांगतो. त्या वेळी एका डॉक्टरनं पागारेंच्या कागदावर, फुप्फुसं निकामी होण्याचं कारण म्हणून, इंग्रजीत दोन शब्द लिहिले. मराठीत त्यांचा अर्थ बिडीचं व्यसन. पागारेंनी जन्मात बिडी ओढलेली नव्हती. ओढता का, असं त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. डॉक्टरनं त्यांची पिवळी-तपकिरी बोटं पाहिली आणि लिहून टाकलं.

हे व्यक्तिचित्र कमी आणि पत्रक जास्त आहे, अशी तक्रार होईल. होऊ द्या. मला पत्रकंच लिहिता येतात, आणि पत्रक कसं लिहावं हे ज्यांनी शिकवलं ते पागारेच.

त्याचं असं झालं. १९७९ साली कॉलेज सुटल्या सुटल्या मी द्वारका चौकाजवळच्या गॅरेजांच्या लाइनीत साप्ताहिक सुट्टीचं पत्रक वाटत होतो. एका ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. पायांशी पत्रक ठेवून मी पुढं निघालो, तर मागून हाक आली. थांबलो. आतला माणूस हातदिव्याच्या उजेडात पत्रक वाचत होता. मग ट्रकखालून हात आला, हातात पत्रक.

"मालकाला शिव्या लय झ्याक दिल्यात," आवाज आला. "पण वाचणाऱ्यानं करायचं काय? ते कुठं लिवलंय?"

मी म्हणालो, जागृती करायची आहे.

"मागणी नाय तर पत्रक म्हणजे नुसता हॉर्न," असं म्हणून पागारे बाहेर सरकले. बुटके, रुंद खांद्यांचे, पन्नाशीला टेकलेले. डोक्यावर, मिशीवर, अगदी पापण्यांवरही तपकिरी धूळ. कानावर पेन्सिल असावी तसा पांढऱ्या खडूचा तुकडा. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'पत्रकवाले', ते 'मिस्त्री'.

पागारे फक्त ब्रेक करायचे. लाइनीत इंजिनवाले होते, गिअरवाले होते, डेंटिंगवाले होते, आणि त्या सगळ्यांचा मान ब्रेकवाल्याच्या वर होता. ते त्यांना खटकायचं. गाडी पळवणं हे काम नव्हेच, असं त्यांचं मत. ढकलली तरी गाडी पळते. थांबवणं हे काम. "इंजिनवाल्याच्या गळ्यात हार पडतो," ते म्हणायचे, "आणि ब्रेकवाल्याची आठवण गाडी दरीत गेल्यावर येते."

ड्रम ब्रेक म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. चाकाच्या आत परातीसारखा लोखंडी ड्रम फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू असतात आणि शूवर लायनर, म्हणजे घासणारा जाड पट्टा, रिबिटांनी ठोकलेला असतो. पेडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो, गाडी थांबते. पण नवा लायनर आणि जुना ड्रम यांची गोलाई कधी जुळत नाही. लायनर मधेच टेकतो, टोकाला टेकत नाही. मग एक चाक आधी धरतं, एक नंतर, आणि गाडी थांबताना बाजूला ओढते. लाइनीतले बाकीचे मिस्त्री म्हणायचे, चालव थोडे दिवस, घासून बसेल. पागारेंना हे वाक्य शिवीसारखं लागायचं. थोडे दिवस म्हणजे किती घाट, असं ते विचारायचे.

ते लायनरवर खडू फिरवायचे. शू बसवायचे, ड्रम चढवून हातानं एक फेरा द्यायचे, ड्रम उतरवायचे. जिथला खडू पुसला गेला असेल तिथं लायनर उंच. तेवढीच जागा कानशीनं घासायची. मग तोंड अगदी जवळ नेऊन, गाल फुगवून, धुळीवर एक लांब फुंकर. पुन्हा खडू, पुन्हा ड्रम, पुन्हा कानस, पुन्हा फुंकर. एका शूला दहा वेळा, बारा वेळा. सगळा खडू एकसारखा पुसला जाईपर्यंत त्यांना कुणी चहालाही उठवू शकत नसे. त्या फुंकरीबरोबर एक तपकिरी ढग उठायचा आणि ते त्यातच वाकलेले असायचे.

दुसरं त्यांचं हत्यार म्हणजे नाक. घाट उतरून आलेल्या ट्रकभोवती ते एक फेरी मारायचे आणि सांगायचे, मागलं डावं चाक धरून राहिलंय. जळक्या लायनरचा वास, जळक्या ग्रीसचा वास, पाझरलेल्या ब्रेक ऑइलचा वास, सगळे वेगळे. चाकाला नाक लावून ते खोल श्वास घ्यायचे, एखादी बाई डाळीची फोडणी हुंगते तसे. या नाकासाठीच त्यांनी तंबाखू, बिडी, तपकीर, कशालाच हात लावला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "नाकानं ब्रेक करतो मी. बिडी वढली तर नाक मरंल. मग काय डोळ्यानं करू?"

हे वाक्य लक्षात ठेवा. डॉक्टरनं काय लिहिलं ते आठवत ठेवा.

१९८१ साली त्या लाइनीत एक मोटार आली. दोन दारांची, लांबलचक, गडद हिरवी, आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी. एका बड्या कंत्राटदारानं मुंबईच्या लिलावात घेतलेली. त्याला सगळे दाजीसाहेब म्हणत. गाडी आग्रा रोडवर सुटली की एसटीचे ड्रायव्हर आपसूक बाजू देत. पण कसाऱ्याचा घाट उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणापर्यंत ब्रेक इतके तापत की पेडल दगडासारखं घट्ट व्हायचं आणि गाडी मात्र थांबायची नाही. मुंबईच्या मिस्त्र्यांनी हात टेकले होते. एवढं इंजिन आणि असे ड्रम, यापुढं काही होणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

पागारेंनी गाडीभोवती फेरी मारली, चारी चाकं हुंगली आणि पाच दिवस मागितले.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. गाडी चालवून पाहायला गॅरेजचे हेड मिस्त्री आधी बसले, तेही तेलकट कपड्यांनिशी. मग पागारे बसायला गेले, तर दाजीसाहेबांनी लगबगीनं सीटवर वर्तमानपत्र पसरलं. सगळ्यांनी पाहिलं. पागारे वर्तमानपत्रावर बसले, गाडी टाकळीपर्यंत नेऊन आणली, उतरले, पेपरची नीट चौघडी घातली आणि दाजीसाहेबांच्या हातात दिली. "वाचून झाला," म्हणाले.

पाच दिवसांत त्यांनी चारी ड्रम लेथवर फिरवून घेतले, कारण दोन ड्रम तापून लंबगोल झाले होते. लायनर जरा कडक जातीचा निवडला, त्याच्या कडा तासून उतरत्या केल्या, खडू-कानशीचं काम केलं. पुढच्या चाकांपाशी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दोन पन्हळी बसवल्या, धावत्या गाडीचा वारा थेट ड्रमवर यावा म्हणून. आणि चाकांवरच्या चकचकीत टोप्या काढून डिकीत टाकल्या. त्या गरम हवा कोंडतात, असं त्यांचं म्हणणं.

दाजीसाहेब वैतागले. गाडी बोडकी दिसते म्हणाले.

"साहेब, टोपी चाकाला घाला नायतर डोक्याला," पागारे म्हणाले. "दोन्हीकडं राहील असं मी सांगत नाय."

सहाव्या दिवशी घाटात चाचणी झाली. पागारेंनी गाडी वेगात सोडून ओळीनं सहा वेळा करकचून थांबवली. सहाव्या वेळेलाही पेडल मऊ आणि गाडी सरळ रेषेत. दाजीसाहेबांनी खुशीत परदेशी सिगारेटचं पाकीट पुढं केलं. पागारेंनी हात जोडले. "आमच्यात धूर गाडी सोडती," म्हणाले. दाजीसाहेब इतके हसले की हा किस्सा पुढं वर्षभर ते स्वतःच लोकांना सांगत होते. हेही लक्षात ठेवा.

त्या गाडीनं पागारेंचं नाव झालं आणि तिथूनच त्यांचं वाटोळं सुरू झालं. ट्रकवाल्यांना कानस दिसली नाही, खडू दिसला नाही, लंबगोल ड्रम दिसला नाही. त्यांना फुंकर दिसली. पागारेंनी फुंकर मारलेला ब्रेक घाटात दगा देत नाही, असं होता होता ठरूनच गेलं. कळवणचे, चांदवडचे, मालेगावचे ड्रायव्हर मुंबईचा माल भरला की लाइनीत गाडी उभी करायचे. ब्रेकचं काम नसलं तरी चाक उतरवायला लावायचे आणि पागारेंकडून चारी ड्रमवर फुंकर घ्यायचे. नारळ फोडावा तशी. गॅरेजचा मालक खूश होता. आलेली गाडी काहीतरी काम करूनच जायची. दाजीसाहेब तर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, मारा बघू एक.

आणि मी. मी त्या वर्षी पत्रक काढलं, कारागिराच्या सन्मानाचं. त्याचा मथळा होता 'पागारेंची फुंकर'. 'या कष्टकऱ्याच्या श्वासावर हजारो प्रवासी सुखरूप घरी जातात', असं मी लिहिलं होतं. वाक्य मला फार आवडलं होतं. ते पत्रक लाइनीतल्या प्रत्येक टपरीवर चिकटवलं होतं. या लेखात मी बऱ्याच जणांवर आरोप करणार आहे, म्हणून हा माझ्यावरचा आधी नोंदवून ठेवतो.

८३ साली त्यांना खोकला लागला. कोरडा, मधेच तुटणारा. मुंबईच्या एका कामगार मित्रानं मला टंकलेली काही पानं पाठवली होती. लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो, त्याचे केसाहून बारीक धागे धुळीतून छातीत जातात, तिथंच रुततात आणि वर्षांनंतर फुप्फुस घट्ट करून टाकतात, असं त्यात होतं. मी ती पानं पागारेंना वाचून दाखवली. ते शू हातात घेऊन ऐकत होते. धाग्यांचं वाक्य त्यांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, ह्यात मागणी काय लिवलीय? मी पान उलटलं. धूळ उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसावी, असं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागेजवळ पाण्याचा डबा आणि फडकं आलं. आठ दिवस टिकलं.

ड्रायव्हरांनी ऐकलं नाही. सटाण्याचे भिका आप्पा, कांद्याचा ट्रक घेऊन मुंबईला जाणारे, पांढऱ्या मिशांचे, दोन तास उभे राहिले. पाण्यानं पुसलेला ब्रेक त्यांना नको होता. "मिस्तरी, फुंकर मार ना भो," ते काकुळतीनं म्हणाले. "मना जीव शे हाई गाडीमा." माझा जीव या गाडीत आहे, असं. मालकानंही ऐकवलं की गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजला चाललंय. नवव्या दिवशी पागारे पुन्हा वाकले आणि त्यांनी गाल फुगवले.

मी भडकलो. मालकाला घाबरलात, असं तोंडावर म्हणालो. त्यांनी खोकला संपू दिला.

"मालकाला कोण भितो," ते म्हणाले. "भ्यालेला ड्रायव्हर घाटभर पेडलवर पाय ठिवून बसतो. ब्रेक तापतो, जळतो. मग माझा खडू काय करंल? त्याची भीती जायला फुंकर लागती, तर मारतो."

त्यांच्या ब्रेकचा शेवटचा सुटा भाग ड्रायव्हरचं मन होतं, आणि तो भागही नीट बसल्याशिवाय ते गाडी सोडत नव्हते.

पुढच्या पोळ्याला त्यांना जिना चढवेना. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई आणि मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. फोटो काढला, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी तो कागद मिळाला. तिथल्या बाकावर मी तो वाचून दाखवला. पागारेंनी विचारलं, बिडी कुठं लिवलीय? मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट उचललं, त्या जागी आपलं ठेवलं आणि तसेच आत गेले.

"साहेब, एवढं खोडा," म्हणाले. "मी बिडी वढत नाय."

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, बाहेर रांग होती. त्यानं समजुतीनं सांगितलं की कारण काहीही असलं तरी औषध तेच राहतं.

"औषधाचं नाय बोलत, साहेब. मागनं येणाऱ्यांचं बोलतो," पागारे म्हणाले. "तुम्ही बिडी लिवली तर लाइनीतली पोरं बिडी सोडतील आणि फुंकर मारत राहतील."

एवढंच मागणं होतं. दोन शब्द खोडायचे. नुकसानभरपाई नाही, चौकशी नाही. त्या माणसाला आपल्या मरणाचं कारण खरं लिहून हवं होतं, कारण ते इतरांच्या कामाला येणार होतं.

तीन वेळा आम्ही पुन्हा गेलो. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, कुणी जबाबदार माणसानं लिहून द्यावं की हे ओढत नाहीत. मी मालकाकडं गेलो. मालक म्हणाला, मी काय त्याच्या तोंडाकडं बघत बसतो का. आज धूळ म्हणाल, उद्या सगळ्या गॅरेजला टाळं लावाल. मग मी दाजीसाहेबांकडं गेलो. सिगारेटचा किस्सा वर्षभर गावाला सांगणारे दाजीसाहेब. त्यांनी मला बसवलं, पंखा लावला, पागारेंची मनापासून चौकशी केली. लिहून द्यायचं म्हटल्यावर हसले. "तुम्ही पत्रकवाले. माझं नाव चौकात चिकटवाल," म्हणाले. मिस्त्रींना द्या म्हणून त्यांनी द्राक्षांची पेटी माझ्या हातात ठेवली. पागारेंनी ती वस्तीतल्या मुलांना वाटून टाकली. द्राक्षं गोड होती, हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय.

तिसऱ्या खेपेला तो डॉक्टर बदलून गेला होता. नव्यानं कागद उलटसुलट पाहिला आणि दुसऱ्याच्या हातचं आपल्याला खोडता येत नाही असं सांगितलं. परतताना रिक्षात पागारे एकच वाक्य बोलले. आयुष्यभर उंच जागा घासून काढली, ही एक राहिली, असं. दम लागला म्हणून तेही दोन तुकड्यांत बोलले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या थंडीत. इंदिरानगरच्या पलीकडं, विहाराला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. ते उंबऱ्याशी उन्हात बसले होते, अंगावर दोन घोंगड्या. झोपलं की गुदमरायचं, म्हणून दिवसरात्र बसूनच असत. आवाज गेला होता. पापण्या मात्र पहिल्यांदाच स्वच्छ दिसल्या. काळ्याभोर होत्या, मला माहीतच नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत भिका आप्पा दिसले. ट्रक मोठ्या रस्त्याला जॅकवर उभा करून, पुढची चाकं उतरवून चालत आले होते. काखेत कापडाची गाठोडी. ती त्यांनी उंबऱ्यावर सोडली. आत ब्रेकचे दोन शू होते, पुढच्या चाकांचे एकेक. दुसऱ्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं होतं, पण फुंकर नव्हती. आप्पांनी काही मागितलं नाही. नुसते हात जोडून उभे राहिले.

सुभद्राबाईंनी तोंड फिरवलं. मी पुढं सरसावलो, तर पागारेंनी तळहातानं मला थांबवलं. त्यांनी पहिला शू मांडीवर घेतला. कडेवरून अंगठा फिरवला. नाकाशी नेला नाही. मग हळूच काहीतरी म्हणाले, ते सुभद्राबाईंनाच कळलं. त्या तांब्याभर पाणी आणि एक जुनं फडकं घेऊन आल्या. पागारेंनी फडकं भिजवलं, पिळलं आणि शू पुसायला घेतला. टोकापासून टोकापर्यंत, रिबिटांच्या खळग्यांतून बोट घालून. मधे दोनदा थांबले. दोन शू पुसायला त्यांना अर्धा तास लागला असेल. फडकं तपकिरी झालं. त्यांनी त्याची घडी घातली आणि शूंबरोबर आप्पांच्या हातात दिली.

"माझ्यात आता फुंकर नाय," ते म्हणाले. हे मला ऐकू आलं. "असती तरी दिली नसती. हीच घेऊन जा."

आप्पा तसेच उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. मग त्यांनी ते ओलं फडकं कपाळाला लावलं, गाठोडीत ठेवलं आणि गेले. पागारे गल्लीच्या टोकाकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं लांबून ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी मान कलती केली, कान देऊन ऐकलं आणि डोळे मिटले. मी निघालो तेव्हाही तसेच बसलेले होते.

आठवड्यानं ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावरही जुन्या कागदावरून तेच कारण उतरवलं गेलं. फडकं नेलं त्या दिवशी भिका आप्पांचा ट्रक घाट नीट उतरला. मी मुद्दाम चौकशी केली.

लाइनीत आज पागारेंच्या जागी दुसरा मिस्त्री बसतो. तोही फुंकर मारतो. त्यालाही खोकला आहे.

आता मागणी. ती मालकाकडं नाही, डॉक्टरकडं नाही, सरकारकडंही नाही. त्यांच्याकडं वेगळी पत्रकं गेली आहेत. ही तुमच्याकडं आहे, कारण तुमच्या घरात स्कूटर असेल, जीप असेल, निदान तुम्ही ज्या बसमध्ये बसता तिला ब्रेक असतील. गाडी ब्रेकच्या कामाला न्याल तेव्हा घरातून एक जुनं फडकं न्या. तिथं उभे राहा. ड्रम उतरला की फडकं भिजवून मिस्त्रीच्या हातात द्या. तो वाकून गाल फुगवेल, तेव्हा त्याचं तोंड आणि ड्रम यांच्यामध्ये तुमचा हात घाला. राहू द्या साहेब, सवय आहे, असं तो म्हणेल.

हात काढू नका.